पोटाची खळगी

पहिला मँडरिन मासा माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अकरा आठवडे जगला. गेला त्या सकाळीही त्याचे रंग जसेच्या तसे होते: निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, गालांवर हिरव्या-पिवळ्या छटा, परांना गडद निळी किनार. पाण्याच्या तपासण्या सगळ्या बरोबर येत होत्या. क्षारता ३५, तापमान २५.५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. अंगावर पांढरा ठिपका नव्हता, पर फाटलेले नव्हते, कल्ले जोरात हलत नव्हते. त्याला कसलाही आजार झाला नव्हता. तो उपासमारीने मेला आणि ती उपासमार मी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून, समोर बसून बघत होते.

याला आता चार वर्षं होतील. लिहायचं मनात होतं, पण हात उचलत नव्हता. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, "माझी टाकी तीन महिन्यांची झाली, आता मँडरिन आणू का गं?" तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट मांडते.

आधी मासा कसा असतो ते. मँडरिन हा ड्रॅगनेट कुळातला, बोटाएवढा मासा. शास्त्रीय नाव सिंकायरोपस स्प्लेंडिडस. १९२७ मध्ये आल्बर्ट हेरे या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, प्रवाळाच्या आडोशाच्या उथळ पाण्यात, मोडक्या प्रवाळांच्या खचात तो राहतो. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी कडवट, वास येणारा बुळबुळीत थर. पोहण्यापेक्षा चालतो जास्त. पोटाखालचे दोन पर पावलांसारखे टेकवत, मध्येच थांबत, मध्येच जागच्या जागी तरंगत.

त्याच्या निळ्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माशांच्या अंगावरचा निळा बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. कातडीतल्या बारीक स्फटिकांच्या थरांवरून प्रकाश परततो आणि आपल्याला निळं दिसतं. मँडरिनचं तसं नाही. त्याच्या कातडीत खरोखरीचं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत, हे गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं. त्याच्यात आणि त्याच्याच एका ठिपकेवाल्या भाऊबंदात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर काचपट्ट्यांवर रंगवलेल्या पेशी बघते. निसर्गाने स्वतः निळी करून ठेवलेली पेशी ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. आणि याच रंगाने माझा घात केला. इतका तेजस्वी मासा आतून संपत चाललाय असं मनात येतच नाही.

दुसरी फसगत त्याच्या वागण्याने झाली. तो सतत खाताना दिसायचा. सकाळी दिवे लागल्यापासून रात्री मालवेपर्यंत दगडाच्या फटीशी थांबायचं, डोळा वळवायचा, तोंड पुढे काढून टोच मारायची, दोन पावलं पुढे. मला वाटायचं, केवढा खादाड आहे हा! टोच मारणं वेगळं आणि पोटात काही जाणं वेगळं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं ते माझ्या सासूबाईंच्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास त्यांची खुर्ची टाकीसमोर असायची. आठव्या आठवड्यात एकदा मी कामावरून आले तर म्हणाल्या, "अगं, याचं पोट पाठीला लागलंय बघ."

मी म्हटलं, "आई, तो दिवसभर खातोय की. तुम्हीच बघताय ना?"

"खात असेल, पण अंगी लागत नाहीये."

मी ऐकून सोडून दिलं. ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत.

आता मला कळतं की मँडरिनकडे बाजूने बघून भागत नाही, तिथे रंग डोळे दिपवतो. बघायचं वरून. धडधाकट माशाची पाठ डोक्यापासून शेपटीकडे हळूहळू निमुळती होत जाते. उपाशी माशाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं आणि त्याच्या मागे अंग एकदम चिमटल्यासारखं आत गेलेलं असतं. मग तो काचेला टेकून बसला की खालून पोट बघायचं. भरलेलं असेल तर गोलसर. नसेल तर तिथे खळगी पडलेली असते. "पोटाची खळगी" हे शब्द आपण जन्मभर वापरतो. मी ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती या माशाच्या अंगावर.

शेवटच्या आठवड्यात मी धावपळ केली. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक कोळंबीसारख्या जिवाची, अंडी उबवून त्यांची ताजी पिल्लं ड्रॉपरने त्याच्या तोंडासमोर सोडली. तो वळला, बघितलं आणि दुसरीकडे निघून गेला. फार उशीर झाला होता.

तो गेल्यावर मी हिशेब मांडला. त्याचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ होतेच. एकेक चालवून टोच मोजल्या. दिवसभर पेशी मोजायची सवय, त्यामुळे हे काम मला जड गेलं नाही. मिनिटाला सरासरी सात. दिवे दहा तास चालू असायचे, म्हणजे दिवसाला चार हजार दोनशे. त्यातल्या निम्म्या टोचांना काही लागलं असं धरलं तरी दोन हजारांवर जीव रोज हवेत. समुद्रात तो कितीतरी चौरस मीटरच्या टापूत चरत फिरतो आणि त्याच्या तोंडी कोपेपॉड (डोळ्यांना कणाएवढे दिसणारे कवचधारी जीव), बारीक झिंग्यासारखे किडे, छोटे कृमी, छोट्या गोगलगायी, माशांची अंडी असं काय काय लागतं. माझ्याकडे होता चार फुटी टाकीतला दगडांचा एक ढीग, तोही चार महिन्यांचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याने तो धुऊन काढला असणार. नंतरचे आठ आठवडे तो रिकाम्या दगडांवर टोचा मारत होता.

म्हणून मैत्रिणीला पहिलं वाक्य मी हेच सांगितलं: मँडरिन पाळायचा म्हणजे आधी कोपेपॉड पाळायचे. टाकीत मासा एक आणि बाकी सगळी शेती.

मी ती शेती तेरा महिने केली, मासा न आणता. टाकीत दोन क्लाउनफिश आणि तीन बांगाई कार्डिनल होते, तेवढेच ठेवले. (बांगाई कार्डिनलवर वेगळं लिहीन कधीतरी. इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहाचा हा मासा, नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. २००७ पासून तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. घ्यायचाच असेल तर टाकीत जन्मलेलाच घ्या.)

शेतीची जमीन म्हणजे जिवंत दगड. समुद्रातला सच्छिद्र दगड, ज्याच्या भोकाभोकांत जीव वस्ती करून असतात. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लेख लिहून सांगितलं होतं की असे दगड, ताजं समुद्राचं पाणी आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. तेव्हा लोक प्रवाळाचे सांगाडे ब्लीच करून, पांढरेशुभ्र करून सजावटीला ठेवत. आज आपण सगळे अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंसाठी जिवंत दगड वापरतो. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे: त्या भोकांमध्ये कोपेपॉड मासा पोहोचणार नाही इतक्या आत जाऊन वाढतात. मी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात सुपारीएवढ्या दगडांचे तुकडे ढीग करून ठेवले. दिसायला कचरा, पण आतून तो पाळणा आहे.

दुसरी जागा मुख्य टाकीखालच्या, पाणी गाळण्याच्या टाकीत. तिचा एक कप्पा मोकळा करून त्यात कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा सोडला. हे शेवाळ हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसतं. त्यावरचा दिवा वरच्या टाकीच्या उलट वेळेला लावायचा, रात्री. त्यामुळे शेवाळ रात्रभर कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि पाण्याचा पीएच रात्री फार घसरत नाही. गुंत्यात पॉड, म्हणजे कोपेपॉड, वाढतात आणि पंपातून थोडे थोडे वर जात राहतात. पाणी गाळणारी कापडी पिशवी मी काढून टाकली, कारण ती धुताना मला तिच्या तळाशी पॉडच पॉड दिसायचे. पाणी थोडं कमी चकाकतं. मला चालतं.

तिसरी जागा खिडकीजवळची फळी. तिथे पाच लिटरच्या बरण्या. पहिली बरणी मी मारली. पॉडना खायला हिरवं पाणी लागतं, म्हणजे एकपेशी शैवालाचं पाणी. मी हौसेने जास्त घातलं. तिसऱ्या दिवशी बरणीतून नासका वास येऊ लागला आणि तळाशी करड्या धुळीसारखा थर बसला होता. ते सगळे मेलेले पॉड. तेव्हापासून नियम ठरला: पाण्याला हलकी हिरवी झाक येईपर्यंतच घालायचं आणि ती झाक जाऊन पाणी नितळ झाल्याशिवाय पुन्हा घालायचं नाही. हवेची नळी उघडीच सोडायची, सेकंदाला एखाद-दुसरा मोठा बुडबुडा. फसफसणारे बारीक बुडबुडे पिल्लांना सोसत नाहीत. आणि बरण्या नेहमी दोन तरी, प्रत्येकीचा ड्रॉपर वेगळा. एकीत काही शिरलं तर दुसरी वाचते. लॅबमध्ये आम्ही नमुन्यांच्या बाबतीत जेवढं सोवळं पाळतो तेवढंच इथे.

बरणीतला एक थेंब मी घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तो दिवस आठवतो. टिस्बी जातीचे पॉड होते. डोळ्यांना जो पांढरा कण दिसतो तो तिथे एक पूर्ण प्राणी होतो. अश्रूच्या आकाराचं अंग, पुढे मध्यावर एकच तांबडा डोळा, मागे शेपटीचे दोन केस. मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी चिकटलेली, आतली अंडी एकेक मोजता येतील इतकी स्पष्ट. शेजारून पिल्लू गेलं. ते आईसारखं अजिबात दिसत नाही, पायांच्या तीन जोड्या असलेला गोल ठिपका, कोळ्याच्या पिल्लासारखा. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "हे पण कुणाची तरी पोरंच की गं." दुसऱ्या दिवसापासून फळीवरच्या बरण्या त्यांच्याकडे गेल्या. आजही त्याच बघतात. वहीत तारीख, कोणत्या बरणीला किती मिलिलिटर, पाणी किती वाजता नितळ झालं.

तेरा महिने हा आकडा कुठून आला? मी कॅलेंडर बघत नव्हते, काच बघत होते. टाकीच्या बाजूच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल कागद लावून त्या चौकोनात हलणारे कण मोजायचे, दर रविवारी. लाल उजेडाने ते पळत नाहीत. पहिल्या रविवारी तीन मोजले. तीन! त्याच टाकीत मी पहिल्या मँडरिनला सोडलं होतं. सहाव्या महिन्यात पंधरा-वीस. मग बरेच दिवस तिथेच अडकलं. दहाव्या महिन्यानंतर चाळीसच्या वर, आणि नंतर इतके की मोजताना गल्लत व्हायची आणि पुन्हा सुरुवात करावी लागायची. टाकी जुनी पाहिजे, वर्षभर तरी थांबा, असं सगळे सांगतात. बरोबर आहे, पण वर्ष झालं म्हणून टाकी तयार झाली असं नाही. माझ्या एका परिचिताची टाकी तीन वर्षांची आहे आणि काचेवर रात्री काही म्हणजे काही हलत नाही. तुमची टाकी कितीही जुनी असो, रात्री टॉर्च घेऊन बसा आणि मोजा.

मधल्या काळात एक चूक केली, तीही लिहिते. काचेवर आणि दगडांवर लालसर चपटे किडे झाले होते. ते खाईल म्हणून मी सिक्सलाइन रॅस आणला. सुंदर, चपळ मासा. चपटे किडे खरंच कमी झाले. पण चौकोनातला आकडा तीन आठवड्यांत अठ्ठावीसवरून सहावर आला. तो रॅससुद्धा दिवसभर दगड टिपत फिरतो, मँडरिनपेक्षा कितीतरी वेगाने. त्याला पकडायला निम्मे दगड बाहेर काढावे लागले. सापळा लावून दहा दिवस बसले होते, आत क्लाउनफिशच यायचे. ज्याच्याकडे परत दिला त्याने तो आनंदाने घेतला, पण माझे त्यात तीन महिने गेले. मँडरिन ठेवायचा असेल तर त्याच्या ताटात जेवणारा दुसरा कोणी टाकीत नको. रॅस नको, इतर ड्रॅगनेट नकोत. मँडरिन आळशी नाही, सावकाश आहे. पंगतीत सावकाश जेवणाऱ्यावर नेहमी हीच पाळी येते.

मग दुसरा मँडरिन. यावेळी ठरवलं होतं की समुद्रातून पकडलेला घ्यायचा नाही. २०१० च्या सुमारास फ्लोरिडातल्या एका मत्स्यपैदास केंद्राने टाकीत जन्मलेले मँडरिन बाजारात आणले, तेव्हापासून ते मिळू लागले आहेत. सहज नाही मिळत, वाट बघावी लागते. मी पाच महिने वाट बघितली. टाकीत जन्मलेल्याचा मोठा फायदा म्हणजे त्याने लहानपणापासून गोठवलेलं खाणं पाहिलेलं असतं. विकणाऱ्याला मी म्हटलं, माझ्यासमोर खायला घाला. त्याने घातलं. माशाने गोठवलेल्या माशांच्या अंड्यातलं एक टिपलं, थांबला, दुसरं टिपलं. मी वरून पाठ बघितली. भरलेली होती. तरी त्या दिवशी आणला नाही. आठवड्याने पुन्हा गेले, पुन्हा खाताना बघितला, मग आणला.

पकडताना जाळी वापरू नका. ड्रॅगनेटच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणापुढे आकडीसारखा काटा असतो. तो जाळीत अडकला की सोडवताना मासा जखमी होतो. पारदर्शक भांडं पुढे धरायचं आणि हाताने मागून हळू लोटायचं. तो चालत आत येतो.

पहिले तीन आठवडे त्याला टाकीतच, काचेला लटकवलेल्या जाळीदार पेटीत ठेवलं. आत दगडाचा एक तुकडा, बस. इथे त्याला शांतपणे जेवता येतं आणि काय खाल्लं, काय टाकलं हे मला दिसतं. सकाळी कामावर जाण्याआधी बरणीतले जिवंत पॉड, दुपारी सासूबाईंच्या हातची माशांची अंडी, संध्याकाळी मायसिसचे, म्हणजे कोळंबीसारख्या एका छोट्या जिवाचे, बारीक तुकडे. आर्टेमियाची पिल्लं मी देते, पण उबल्याबरोबर, आणि त्यांच्यावर अवलंबून राहत नाही. पिल्लू जसजसं जुनं होतं तसा त्याच्या अंगातला बलक संपतो, आणि मुळातही त्यात माशाला लागणारी काही स्निग्धाम्लं फार कमी असतात. पोट गोल दिसतं आणि मासा आतून कमकुवत राहतो. अंगी लागत नाही म्हणतात ते हेच.

पेटीतून सोडल्यावर काचेची एक वाटी वाळूत पुरली, अरुंद तोंडाची, आणि वर एक नळी टेकवली. नळीतून खाणं वाटीत पडतं. क्लाउनफिश मोठे, त्यांना तोंड घालता येत नाही. मँडरिनला दोन दिवस वाटीचा पत्ता लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो कडेपर्यंत आला आणि थांबला. मी काचेला नाक लावून बघत होते. त्याचे डोळे बेडकासारखे वर आलेले, दोन्ही वेगवेगळे फिरतात. उजवा माझ्याकडे होता. डावा वाटीत वळला, बाहुली किंचित पुढे सरकली. मग अख्खा मासा जागच्या जागी स्थिर, फक्त पाठीमागचे पर थरथरतायत. तोंड नळीसारखं पुढे आलं आणि परत गेलं. इतकं झटकन की गेलेलं दिसतं, आलेलं दिसत नाही. अंड्याचा एक नारिंगी ठिपका वाटीतून नाहीसा झाला. मग त्याने पाय टेकले आणि आत चालत गेला, घरात शिरावं तसा.

तो आता दोन वर्षं आठ महिन्यांचा झाला माझ्याकडे. दर रविवारी वरून पाठीचा फोटो, काचेवरच्या चौकोनाची मोजणी, दोन्ही सासूबाईंच्या वहीत.

या निमित्ताने इतर नाजूक माशांबद्दल लोक विचारतात. समुद्रघोडा मी ठेवत नाही. त्याला जठर नाही, दात नाहीत. खाल्लेलं झरझर पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा तरी भरवावं लागतं. पाणी संथ हवं, शेपटी गुंडाळायला आधार हवा, बऱ्याच जातींना तापमानही आपल्या नेहमीच्या टाकीपेक्षा दोन-तीन अंश कमी मानवतं. तो फक्त त्याच्यासाठी केलेल्या टाकीत ठेवावा. ज्यांनी तसा ठेवलाय त्यांच्याकडे पिल्लंसुद्धा होतात, नराच्या पोटातून. बागेतल्या झाडांसारखे वाळूतून उभे राहणारे गार्डन ईल मला फार आवडतात, पण त्यांना वीतभर खोल वाळू आणि माणसांची वर्दळ नसलेली खोली हवी. २०२० मध्ये टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात टाळेबंदीत माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा तिथले ईल कर्मचारी आले तरी वाळूत दडी मारू लागले. मग मत्स्यालयाने लोकांना व्हिडिओ कॉल करून त्यांना चेहरे दाखवायला बोलावलं होतं. इतका भित्रा जीव.

आणि काही मासे घरात ठेवूच नयेत. नारिंगी ठिपक्यांचा लांबतोंडी फाइलफिश समुद्रात जवळजवळ फक्त ॲक्रोपोरा प्रवाळाच्या जिवंत तोंडांवर जगतो. मूरिश आयडॉल समुद्रात स्पंज खातो, त्याला मोठी जागा लागते आणि बहुतेक टाक्यांमध्ये तो झुरत झुरत संपतो. "प्रयत्न करून बघते" हे मीही एकदा म्हटलं होतं. प्रयत्न आपला असतो, जीव त्याचा जातो. या दोघांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि ते बदलणार नाही.

मादी मी आठ महिन्यांनी आणली, हीदेखील टाकीत जन्मलेली. दोन नर एकत्र ठेवू नका, एक मरेपर्यंत भांडतात. ओळखायची खूण सोपी: नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा पुढचा काटा लांब, ध्वजाच्या काठीसारखा असतो. मादीचा पर आखूड. तिला सोडण्याआधी बरण्या दोनाच्या चार केल्या, कारण आता दिवसाला चार-पाच हजार जीव लागणार होते.

माझे दिवे संध्याकाळी चाळीस मिनिटांत हळूहळू मंद होतात. गेल्या पावसाळ्याच्या सुमारास एकदा मी आत काम करत होते आणि सासूबाईंची हाक आली, "अगं, लवकर ये, दिवा लावू नकोस." निळसर अंधार झाला होता. नर सगळे पर उभारून मादीभोवती फिरत होता, पाठीवरचा पर पुढे-मागे हलवत. मादी त्याच्या बाजूला आली आणि त्याच्या पोटाखालच्या पसरलेल्या परावर टेकली, गालाला गाल लावून. मग दोघं एकदम वर निघाली. पोहत नव्हती असं वाटावं इतक्या सावकाश, धूर वर जातो तशी. टाकीच्या पंचावन्न सेंटिमीटर उंचीपैकी निम्म्याच्या वर गेली, परत खाली आली. पुन्हा वर. चौथ्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली, एक क्षण थांबली आणि दोघं दोन दिशांना खाली सटकली. जिथे होती तिथे बारीक पारदर्शक दाणे तरंगत होते. आईंनी माझा हात धरला होता, तो सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी दाणे पंपाने ओढून नेले. दुसऱ्या वेळी आम्ही तयार होतो. दिवे मंद व्हायला लागले की पंप वीस मिनिटं बंद, आणि मी वाटीने वरचं पाणी अलगद उचलून घ्यायचे. एका खेपेला त्रेसष्ट अंडी मिळाली, प्रत्येक मिलिमीटरपेक्षा लहान. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांतून पापणीच्या केसाहून बारीक पिल्लं बाहेर आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली एकाचं हृदय दिसलं, धडधडताना.

चौथ्या दिवसापर्यंत एकही उरलं नाही. बलक संपल्यावर त्यांना जे खायला हवं ते माझ्याकडे नव्हतं. टिस्बीची पिल्लं पृष्ठभागांना धरून राहतात, पाण्यात मोकळी तरंगत नाहीत, आणि माशाच्या पिल्लांना तरंगणारं भक्ष्य हवं. त्यासाठी पार्वोकॅलानस नावाचे आणखी बारीक, पाण्यात तरंगणारे पॉड वाढवावे लागतात. त्यांची पहिली बरणी परवा आली. पाणी अजून हिरवं आहे. आईंनी वहीत नवीन पान काढलंय, वर तारीख टाकली आहे आणि खाली एवढंच लिहिलंय: बरणी पाच, २० मिलिलिटर, सकाळी सव्वाआठ.